पाहून हात, पाहून पाऊल



सावधपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. ते डोळ्यांना लावावयाचे वळण आहे. सर्पदंशाचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष विशेष घातक ठरते. सरपणात हात घालण्यापूर्वी ते काठीने हलवावे, अंधारात दिव्यावाचून पाऊल टाकू नये, हे नियम मुलांकडून नुसते घोकून घेऊन भागत नाही. शिक्षकाने त्यांस शाळेच्या आवारात फिरवावे व "येथे साप कोठे दडेल?" असे विचारावे. जे मूल दगडांच्या ढिगाकडे बोट दाखवील, ते पाहावयास शिकले.

परंतु शिक्षकानेही पाहावयास हवे. मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर निजलेल्या मुलास तिचा दंश पुष्कळदा जाणवत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या आपोआप मिटतात, घास गिळवत नाही. अशा मुलास झोपाळू म्हणून दटावू नये. जखम शोधण्यात वा मांत्रिकाकडे वेळ न दवडता, त्यास चालू न देता, सर्पविषावरील लस असलेल्या दवाखान्यात तत्काळ न्यावे. त्या वेळी शिक्षकाच्या सावध नजरेवरच त्याचा प्राण अवलंबून असतो.