लेकरू ऐकत नाही, म्हणजे आईचं वळण चुकलं?

मागच्या बैठकीत एक ताई हळूच बोलली, "पोरगं सात वर्षांचं झालं, एका जागी बसत नाही. घरात सगळे म्हणतात, आईनंच लाडावलं. मग मी त्याला मारते अन् रात्री रडते."

अतिचंचलता, स्वमग्नता हे लाडानं होत नाही. त्या लेकराच्या मेंदूची वाढच वेगळी असते, पुष्कळदा ते आनुवंशिक असतं. एके काळी मोठमोठे डॉक्टरही स्वमग्नतेचा दोष आईच्या मायेला द्यायचे. ते खोटं ठरलं. पण प्रत्येक वांड लेकरू आजारी नसतं बरं का. घरातली दारू, भांडणं, ऊसतोडीपायी सुटलेली शाळा, यानंही लेकरू बिथरतं. अन् कारण कोणतंही असो, मारल्यानं बिघडतंच. एका वेळी एकच काम सांगितलं, झोपायची-जेवायची वेळ ठरवली, तर दोन्हीकडे फरक पडतो.

मग ओळखायचं कसं? ते आपण घरी ठरवायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत, एकदा सरकारी शाळेत येतं. तपासणी फुकट, १८ वर्षांपर्यंत. त्या दिवशी स्वतः जा अन् घरचं सगळं सांगा; डॉक्टरला ते पाच मिनिटांत दिसत नाही. मन फारच जड झालं तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

त्या ताईच्या सासूबाईंनाही आम्ही तपासणीला सोबत नेणार आहोत.