रिक्षाच्या पाठीवरचा माणूस

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात 'तरुणांचे मनोगत' या कार्यक्रमात केलेले भाषण. मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समोर बसलेले सगळे काका-काकू, आजी-आजोबा, आणि मागे पंख्याखाली उभे असलेले माझे मित्र, ज्यांचं निम्मं लक्ष महाप्रसादाच्या वासाकडे आहे, त्या सर्वांना नमस्कार.

कार्यवाह काकांनी मला विषय दिला होता, 'महानगरातील आजचा तरुण'. मी म्हटलं, काका, एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याइतकं मला काही कळत नाही. दिवसभर मी ऑफिसात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो आणि रात्री सिनेमे बघतो. ते म्हणाले, "मग सिनेमांवर बोल. पण दहा मिनिटांत आटप, नंतर अंताक्षरी आहे." म्हणून आज मी माझ्या आवडत्या सिनेमांबद्दल आणि बंगळुरातल्या माझ्या रोजच्या जगण्याबद्दल थोडंसं बोलणार आहे. आणि एका चुकीबद्दलही. ती चूक मात्र माझी स्वतःची आहे.

मी मूळचा मिरजेचा. नोकरीसाठी इथे आलो तेव्हा पहिला महिना घर शोधण्यात गेला. आपल्यापैकी बहुतेकांनी हा अनुभव घेतलाच असेल. दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न : "लग्न झालंय का?" नाही म्हटलं की दार बंद. 'अशी ही बनवाबनवी' हा १९८८ सालचा सिनेमा मी लहानपणापासून किमान पंचवीस वेळा पाहिला असेल. दर वेळी पोट धरून हसलो. त्या महिन्यात एका रात्री लॅपटॉपवर पुन्हा लावला, तर हसूच येईना! वाटलं, हा विनोदी सिनेमा कुठला, ही तर आपल्यावरची डॉक्युमेंटरी आहे. आम्ही तिघे मित्र होतो. कुणी लक्ष्मीकांत बेर्डे व्हायचं आणि कुणी सचिन, यावर गंभीरपणे चर्चा झाली. पण मिशी काढायला कुणीच तयार होईना, म्हणून तो बेत बारगळला. पुढे कळलं की या सिनेमाचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी सिनेमात आहे. म्हणजे घरमालक आणि बॅचलर यांचा हा तंटा माझ्या वडिलांच्या लहानपणापासून चालत आलेला आहे.

अखेर मित्रांना त्यांच्या ऑफिसजवळ जागा मिळाली आणि मला एका जुन्या घराचा वरचा मजला मिळाला. खाली मालक आणि मालकीणबाई. मालक मंड्याकडचे, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. इकडे आजोबांना 'तात' म्हणतात, म्हणून मीही तात म्हणू लागलो. त्यांच्या मंडळी म्हणजे अज्जि. रामनवमीला त्या मला जिन्यावरून हाक मारून कोसंबरी आणि पानक द्यायच्या. आपली डाळ-कैरी आणि पन्हं यांची ही चुलत भावंडंच. मी 'थँक्यू अज्जि' म्हणायचो. बोलणं तिथेच संपायचं, कारण मला कन्नड येत नव्हतं आणि अज्जिंना कन्नडशिवाय दुसरं काही येत नव्हतं. सहा वर्षांत मी एकच कन्नड वाक्य शिकलो होतो : 'कन्नड गोत्तिल्ल', म्हणजे कन्नड येत नाही. गंमत बघा, भाषा येत नाही एवढं सांगण्यापुरतीच मी ती भाषा शिकलो होतो.

माझा दुसरा आवडता सिनेमा म्हणजे बासू चटर्जींचा 'छोटी सी बात', १९७६ चा. अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा बसच्या रांगेत एकमेकांना बघतात आणि तिथून सगळी गोष्ट सुरू होते. आमच्या कंपनीच्या गाडीत आम्ही सहा जण बसतो. सहाही जणांच्या कानात हेडफोन. शेजारचा माणूस रोज माझ्या बाजूला दीड तास बसतो, पण मला त्याच्या बुटांचा रंग माहीत आहे, नाव माहीत नाही. आज त्या सिनेमातला अरुण असता तर बिचारा जन्मभर अविवाहित राहिला असता. तसाच २०१३ चा 'लंचबॉक्स'. डबा चुकून भलत्याच माणसाकडे जातो आणि दोन एकटी माणसं एकमेकांना चिठ्ठ्या लिहू लागतात. आता मोबाइलवरून मागवलेलं जेवण नकाशा बघत बरोबर दारात येतं. चूक होत नाही, त्यामुळे गोष्टही घडत नाही.

असं सगळं मी मित्रांमध्ये मोठ्या रुबाबात सांगायचो. शहरातली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत वगैरे. आपणही त्याच माणसांपैकी एक आहोत, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

गेल्या वर्षी रामनवमीच्या आधी दोन दिवस बाबा पहिल्यांदाच बंगळुरात आले. बाबा एसटीत कंडक्टर होते. अथणी, जमखंडी, विजापूर अशा गाड्यांवर त्यांची बरीच नोकरी गेली. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने सकाळी उतरले आणि आम्ही रिक्षात बसलो. मी सवयीने मोबाइल काढला. तेवढ्यात बाबांनी चालकाला विचारलं, "ऊट आतेन्री?" सकाळी सात वाजता जेवण झालं का म्हणून विचारलं! चालक खळखळून हसला. इकडे म्हणतात 'ऊट आय्ता?'. बाबांचं कन्नड पडलं थेट उत्तर कर्नाटकातलं. पण त्या एका वाक्यानं दोघांची जी गट्टी जमली, ती घर येईपर्यंत तुटली नाही.

वाटेत सिग्नलला पुढे एक रिक्षा होती. तिच्या पाठीवर एका तरुण माणसाचं मोठं चित्र. असं चित्र मी सहा वर्षांत शेकडो रिक्षांवर पाहिलं होतं आणि कुणीतरी स्थानिक पुढारी असेल असं समजून चाललो होतो. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कोण?" चालक जवळजवळ रागावला. "शंकर नाग गोत्तिल्ल्वा?" शंकर नाग माहीत नाहीत? मग त्याने सगळं सांगितलं. १९८० मध्ये आलेल्या 'ऑटो राजा' या सिनेमात शंकर नाग यांनी रिक्षावाल्याचं काम केलं होतं, तेव्हापासून ते रिक्षावाल्यांचे झाले. १९९० मध्ये मोटार अपघातात गेले, जेमतेम पस्तीस वर्षांचे होते. "आमचा ऑटो राजा दुसरा होणार नाही," असं म्हणत त्याने डोळे पुसले. हा चालक तिशीचाही नसेल. म्हणजे शंकर नाग गेले तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

पुढे तो म्हणाला, 'मालगुडी डेज' त्यांनीच केलं. बाबा एकदम ताठ बसले. १९८७ साली दूरदर्शनवर लागणारी ही मालिका बाबांनी शेजारच्यांच्या घरात दाटीवाटीनं बसून पाहिली होती.

त्या रात्री मी थोडं शोधलं आणि मलाच लाज वाटली. शंकर नाग हे घराणं नागरकट्टे, होन्नावरकडचं, कोकणी बोलणारं. उमेदीची वर्षं मुंबईत काढली, मराठी रंगभूमीवर काम केलं. चापेकर बंधूंवरचा '२२ जून १८९७' हा १९७९ चा मराठी सिनेमा, त्याच्या पटकथेतही त्यांचा सहभाग. त्यांना पडद्यावर आणलं गिरीश कार्नाडांनी, १९७८ च्या 'ओंदानोंदु कालदल्लि' या सिनेमात. कार्नाडांचा जन्म माथेरानचा आणि आपल्या 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटीलबरोबर तेच होते. आपण मराठी नाटकांना जिथे जातो ते रंगशंकरा नाट्यगृह अरुंधती नाग यांनी शंकर नागांच्या आठवणीसाठी उभं केलं, २००४ मध्ये ते सुरू झालं. मी तिथे तीन नाटकं पाहिली होती. नावातला 'शंकर' म्हणजे महादेव असेल असं समजत होतो!

आता त्या चुकीबद्दल.

रामनवमीच्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "दर वर्षी खालच्या अज्जि कोसंबरी पाठवतात, या वेळी हाक आली नाही." बाबा म्हणाले, "बरं नसेल त्यांना. मी बघून येतो." बाबा खाली गेले ते तासाभरानं वर आले. हातात एक छापील कार्ड होतं. चप्पल काढून ते शांतपणे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अरे, त्या बाई जाऊन पाच महिने झाले."

मंडळी, मी त्याच घरात राहत होतो. वरच्या मजल्यावर.

दिवाळीला मी तीन आठवडे मिरजेला गेलो होतो, तेव्हा त्या गेल्या. मी परत आलो तेव्हा दाराखालून सरकवलेलं एक कार्ड होतं. कन्नड अक्षरं बघून वाटलं, कुणाची तरी जाहिरात असेल. ते मी सुक्या कचऱ्यात टाकलं. दोन दिवसांनी घरापुढे मांडव दिसला, पंगती दिसल्या. वाटलं, काहीतरी कार्य असेल. कानात हेडफोन घातले आणि बाजूने निघून गेलो. कुठे गेलो सांगू? मॉलमध्ये, सिनेमा बघायला. नंतर अज्जि दिसल्या नाहीत तेव्हा धरून चाललो की मुलीकडे म्हैसूरला गेल्या असतील. तातांना दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवरून भाडं जात होतं. त्यामुळे खाली जायचं कारणच उरलं नव्हतं.

बाबांना पाट्या वाचण्यापुरतं कन्नड वाचता येतं. त्यांनी कार्डावर बोट ठेवून वाचून दाखवलं. "हे बघ, वर 'उत्तरक्रिया'. खाली 'तिथि'. यातला कुठला शब्द तुला येत नाही?" मी गप्प. आपल्याकडे आजोबांची तिथ असते तेव्हा आपण हाच शब्द वापरतो. शब्द आमच्याच घरातला होता. फक्त अक्षरं ओळखीची नव्हती आणि ती ओळखावीत असं मला सहा वर्षांत वाटलं नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "तू इथे राहतोयस की नुसता मुक्काम करतोयस?"

मी खाली गेलो. काय बोलायचं ते बाबांकडून पाठ करून गेलो होतो. तात म्हणाले, "परवागिल्ल," असू दे. मग हळूच म्हणाले, त्या दिवशी वरच्या पोराचं पान संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबा होते तोवर आम्ही तिघांनी एक सिनेमा पाहिला. नावच 'तिथि'. राम रेड्डी या तरुण दिग्दर्शकाचा, २०१६ मध्ये कर्नाटकात लागलेला, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. मंड्याकडच्या एका खेड्यात एकशे एक वर्षांचे आजोबा जातात आणि अकराव्या दिवसाच्या जेवणापर्यंत त्यांच्या मुलाचं, नातवाचं, पणतवाचं काय काय चालतं, त्याची गोष्ट. कामं करणारी बहुतेक माणसं त्याच भागातल्या खेड्यांतली, कधी कॅमेऱ्यापुढे न गेलेली. मरणावरचा सिनेमा असून इतका हसवतो की विचारू नका. हा सिनेमा तातांसमोर लावावा की नाही, याची मला धास्ती होती. पण आपल्या गावाकडची बोली ऐकून तात मुलासारखे हसत होते, बाबा मला अर्थ सांगत होते. जेवणाचा प्रसंग आला तेव्हा तात जरा वेळ गप्प झाले. नंतर म्हणाले, "आमच्याकडे चारशे पानं उठली." त्यात अभिमान होता. आणि मग अज्जिंबद्दल पहिल्यांदाच बोलत राहिले, रात्री अकरापर्यंत.

बाबा गेल्यावर मी कन्नड अक्षरं शिकायला घेतली. पुस्तकापेक्षा सिनेमाची पोस्टरं बरी, अक्षरं मोठी असतात आणि खाली चित्र असतं, चुकलं तर कळतं. आता बसची पाटी वाचता येते. तातांना रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवतो. माझे उच्चार ऐकून ते इतके हसतात की बातमी राहूनच जाते. बदल्यात मी त्यांना 'श्वास' दाखवला, २००४ चा, आजोबा आणि नातवाचा. त्यांना मराठी येत नाही. पण शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, हा आजोबा आमच्याकडचाच वाटतो.

मोठमोठ्या गोष्टी सांगायचा मला अधिकार नाही. माझ्या वयाच्या मित्रांना एवढंच सांगेन, आपल्या खाली, वर, शेजारी कोण राहतं ते एकदा बघून या. दाराखालून कार्ड आलं तर टाकून देऊ नका, कुणाकडून तरी वाचून घ्या. आणि समोरच्या रिक्षाच्या पाठीवर कोण आहे, ते चालकाला जरूर विचारा. प्रवास चांगला जाईल.

तात आज इथे आले आहेत. तिसऱ्या रांगेत, पांढरा शर्ट. आरतीला आले, टाळ्या वाजवल्या, मोदक मात्र आपल्या कडबूसारखा नाही म्हणाले. एकदा खाली त्यांच्या घरात म्हणालो होतो, ते आज सगळ्यांसमोर म्हणतो.

तात, तप्पायितु. क्षमिसि.

कार्यवाह काका घड्याळ दाखवताहेत. आता अंताक्षरी. तातांनाही खेळायला घ्या, कन्नड गाणं चालेल असं मी त्यांना परस्पर सांगून ठेवलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!