रक्त पातळ करण्याची गोळी आणि पोटाचा कॅन्सर

(युवा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट रोज पाहतो. घरातल्या मोठ्यांची औषधं न्यायला तुमच्या वयाची मुलंमुलीच येतात. डॉक्टरांची चिठ्ठी तुमच्या हातात असते आणि औषधांबद्दलचे फॉरवर्डही तुमच्याच मोबाइलवर येतात. म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडतोय.

मध्यंतरी एकाच आठवड्यात दोघं माझ्याकडे आली. एक मुलगा म्हणाला, "चाचा, रोज ॲस्पिरिन घेतली की पोटाचा कॅन्सर होत नाही, असं वाचलं. अब्बांसाठी महिन्याभराच्या गोळ्या द्या." अब्बांचं वय अडुसष्ट. हृदयाचा काही त्रास नाही, पण पोटात पूर्वी अल्सर झालेला. दुसरी एक मुलगी गोळ्या परत करायला आली. "अम्मीनं ही गोळी बंद केली. हिनं पोटात जखमा होतात आणि त्याचा पुढे कॅन्सर होतो म्हणे." अम्मीच्या हृदयात वर्षभरापूर्वी स्टेंट बसवलेला.

दोघांनीही जे ऐकलं होतं त्यात थोडं खरं होतं. पण दोघांचेही निर्णय जिवावर बेतणारे होते. मुलाला मी गोळ्या दिल्या नाहीत. मुलीला म्हटलं, बेटा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लाव. स्टेंट असताना ही गोळी स्वतःहून बंद केली तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो.

आता यातलं खरं काय, ते पाहू.

ॲस्पिरिन पोटाला त्रास देते, हे खरं आहे. आपल्या पोटातलं ॲसिड इतकं तीव्र असतं की त्यापासून पोटाच्या आतल्या अस्तराला सतत संरक्षण लागतं. शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं, ती हे काम करतात. हीच द्रव्यं दुखणं आणि सूजही निर्माण करतात. ॲस्पिरिन ती तयार होऊ देत नाही. जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1971 मध्ये हे दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. म्हणजे दुखणं थांबतं त्याच कारणानं पोटाचं संरक्षणही कमी होतं. शिवाय ही गोळी रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. म्हणून अल्सर झाला तर रक्तस्राव लवकर थांबत नाही. काही जण म्हणतात, आमची गोळी कोटिंगवाली आहे. कोटिंगनं जळजळ कमी होईल, पण रक्तस्रावाचा धोका जात नाही. कारण गोळीचा परिणाम रक्तात मिसळल्यावर होतो.

पण अल्सर म्हणजे कॅन्सर नव्हे. ॲस्पिरिनमुळे पोटाचा कॅन्सर होतो, असा पुरावा नाही. उलट ज्या लोकांचं निरीक्षण केलं गेलं, त्यांत नियमित ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हा कॅन्सर कमी आढळला आहे. हाँगकाँगचा एक मोठा अभ्यास 2018 मध्ये आला. त्यात 63,605 लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. या सगळ्यांनी पोटातल्या एका जंतूवर उपचार घेतले होते. त्यातल्या ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पोटाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 70 टक्क्यांनी कमी दिसला.

फॉरवर्डमध्ये हा 70 टक्क्यांचा आकडा मोठ्या अक्षरात येतो. पुढचा आकडा कुणी पाठवत नाही. त्या 63,605 लोकांपैकी साडेसात वर्षांच्या आसपास एकूण 169 जणांना पोटाचा कॅन्सर झाला. म्हणजे हजारात तीन जणही नाहीत. मुळात जो धोका इतका लहान आहे, त्यातला 70 टक्के भाग म्हणजे हजारात एकदोन माणसं.

आता तराजूचं दुसरं पारडं बघा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत 19,114 निरोगी ज्येष्ठांवर एक चाचणी झाली. तिचं नाव ॲस्प्री, निष्कर्ष 2018 मध्येच आले. निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. पाचेक वर्षांत ॲस्पिरिनच्या गटात हजारी 38 जणांना गंभीर रक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात 28 जणांना. हजारात दहा जण जास्त. आणि कॅन्सरनं झालेले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट ॲस्पिरिनच्या गटातच थोडे जास्त निघाले. याचा अर्थ सावधपणे लावा, असं त्या संशोधकांनीच सांगितलं. दोन्ही अभ्यासांतली माणसं वेगळी, त्यामुळे आकडे थेट एकमेकांतून वजा करता येत नाहीत. पण निरोगी ज्येष्ठानं कॅन्सरच्या भीतीनं मनानंच ही गोळी सुरू करू नये, हे सांगायला ते पुरेसे आहेत.

मग हाँगकाँगचा अभ्यास खोटा होता का? अजिबात नाही. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांना डॉक्टर ॲस्पिरिन शक्यतो देतच नाहीत. जे घेतात ते नेहमी दवाखान्यात जात असतात, त्यांच्या तपासण्या होत असतात. त्यामुळे फरक गोळीचा किती आणि माणसांचा किती, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. कुठलंही फॉरवर्ड आलं की दोन प्रश्न विचारायची सवय लावा. टक्के सांगितलेत, पण हजारात माणसं किती? आणि चाचणी झाली होती, की नुसतं निरीक्षण?

आता त्या जंतूकडे येतो, कारण पोटाच्या कॅन्सरची खरी गोष्ट तिथेच आहे. त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातल्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी तो शोधला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी हे जंतू स्वतः प्यायले आणि पोटाला सूज आल्याचं दाखवून दिलं. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1994 मध्येच या जंतूला कॅन्सरचं कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं होतं.

तो बहुतेक वेळा लहानपणीच पोटात शिरतो. एकाच खोलीत दाटीनं राहणारं कुटुंब, अस्वच्छ पाणी, उघडी गटारं, ही त्याची वाट. ज्यांच्या पोटात तो असतो त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. थोड्यांच्या पोटात मात्र वर्षानुवर्षं सूज धुमसत राहते, अस्तर झिजतं आणि काही दशकांनी कॅन्सर उभा राहतो. तंबाखू आणि फार खारवलेलं अन्न त्यात भर घालतात.

यावर इलाज आहे. चीनमधल्या लिंचू या भागात पोटाचा कॅन्सर फार. तिथे या जंतूचा संसर्ग असलेल्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि फक्त दोन आठवडे औषध दिलं. 22 वर्षांनी पाहिलं, तर उपचार घेतलेल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. आणि ही खरी चाचणी होती.

म्हणून तुम्हाला पाच गोष्टी सांगतो.

एक, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोजची ॲस्पिरिन सुरू करू नका.

दोन, हृदयासाठी किंवा लकव्यानंतर दिलेली ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. रमजानमध्येही नाही. वेळ बदलायची असेल तर महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

तीन, जुना अल्सर असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि जंतूची तपासणी करायची का, हेही विचारा. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून तो कळतो. औषध दिलं तर कोर्स अर्धवट सोडू नका.

चार, ॲस्पिरिन चालू असताना कंबरदुखीसाठी दुसरी वेदनाशामक गोळी दुकानातून परस्पर आणू नका. दोन्ही मिळून पोटातला रक्तस्राव वाढवतात.

पाच, डांबरासारखं काळं शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट हॉस्पिटल गाठा. कारण नसताना वजन उतरणं, गिळताना अडकणं, दोन घासांत पोट भरणं, सतत उलट्या, रक्त कमी होणं, यांतलं काही असेल तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नका. एंडोस्कोपीबद्दल विचारा. आपल्याकडे बायका घरात सगळ्यांना जेवायला वाढतात आणि स्वतःची भूक मेली आहे, हे कुणाला सांगत नाहीत. अम्मीला, दादीला तुम्ही विचारा.

आणि मोहल्ल्यातलं पाणी स्वच्छ यावं, गटारं झाकलेली असावीत, यासाठी नगरसेवकाकडे अर्ज घेऊन जाल, तेव्हा त्यात पोटाच्या कॅन्सरचाही उल्लेख करा. पुढच्या पिढीला या जंतूपासून वाचवायचं तर सुरुवात नळापासूनच करावी लागेल.