यीस्टवाचून पाव, भाजी घातलेला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पाककृती’ असे छापले आहे. पाककृती मी सांगणार आहेच, पण त्याआधी आपल्या आळीतल्या संध्याकाळच्या जेवणाबद्दल थोडे बोलू द्या. हा पाव मी हौस म्हणून करू लागले नाही. त्याला निमित्त ते जेवण झाले.

आपण पाळीपाळीने वयस्कर शेजाऱ्यांकडे विचारपूस करायला जातो. मुले परगावी किंवा परदेशी, घरात दोघेच, काही घरांत एकटीच बाई. सकाळी पोळीवाल्या बाई येऊन जातात, तेव्हा दुपारचे जेवण बरे होते. संध्याकाळी विचारले की उत्तर ठरलेले : ‘‘आता कुठे करत बसू? चहाबरोबर पाव घेतला.’’ आमच्याच इमारतीत अशी चार घरे आहेत. त्यांतल्या एका काकूंची कवळी नीट बसत नाही. भाकरी सुटली, सकाळची पोळी संध्याकाळी चावत नाही, आणि खिचडीचा त्यांना कंटाळा आला आहे. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटेना. पाव मऊ असतो, करावा लागत नाही, भांडी पडत नाहीत. आपण सांगतो त्या पौष्टिक पदार्थांत हे तिन्ही गुण क्वचितच एकत्र सापडतात!

बेकरीच्या पावाची निंदा करायला मी उभी नाही. पावात पूर्वी घालत असलेल्या पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ साली आपल्याकडे बंदी आली, तेव्हा ते जुने भय आता उगाळू नये. पण पाकिटावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. घटकांची नावे जास्त वजनाकडून कमी वजनाकडे छापलेली असतात. पहिले नाव मैद्याचे असेल तर पावाचा रंग कितीही तपकिरी असो, तो मैद्याचाच पाव आहे. आणि रोज संध्याकाळी तेवढेच पोटात जात असेल, तर त्या जेवणात भाजी नाही, डाळ नाही आणि कोंडाही नाही.

म्हणून माझे म्हणणे असे : त्यांचा पाव सोडवण्यापेक्षा पावातच भाजी, बेसन आणि कणीक घालावी. असा पाव तासाभरात होतो. त्याला यीस्ट लागत नाही, मळणे नाही, फुगण्याची वाट पाहणे नाही.

यीस्टचा पाव काही अवघड नाही, पण तो आपला दिवस मागतो. पीठ मळा, झाका, दोन वेळा फुगू द्या. थंडीत त्याला ऊब द्या आणि वैशाखात त्याच्यावर नजर ठेवा. गोव्यातले पदेर पूर्वी माडाची सूर घालून पीठ फुगवीत, ते रात्रभराचे काम. घर सांभाळून शेजारच्या घरासाठी पाव करायचा तर तो पोहे-उपम्याच्या हिशेबात बसला पाहिजे.

हा हिशेब आयर्लंडमधल्या बायकांनी फार पूर्वी बसवला. तिथल्या गव्हात चिवटपणा कमी, त्यामुळे यीस्टचा पाव चांगला उभा राहत नसे. मात्र घरोघरी लोणी काढल्यावर ताक उरे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खाण्याचा सोडा स्वस्त होऊन त्यांच्या हाती आला, आणि पीठ, मीठ, सोडा व आंबट ताक एवढ्यावर त्यांचा रोजचा पाव होऊ लागला. १८३६ सालच्या एका इंग्रजी शेतकी मासिकात ती कृती छापलेली आढळते. ओव्हन त्यांच्याकडे नव्हता. बिडाच्या जाड भांड्यात पीठ ठेवून ते चुलीवर टांगायचे आणि झाकणावर निखारे रचायचे. हे ऐकून आपल्यातल्या पाठारे प्रभू भगिनी हसत असतील, कारण त्यांच्या घरचे भानोले याच रीतीने, वर-खाली विस्तव ठेवून होत असे. जगभरच्या बायकांना अडचणीत एकच युक्ती सुचते असे दिसते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगते. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचे रसायने जाणणारे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडीही सोसत नसत आणि यीस्टही. अंड्यावाचून कस्टर्ड व्हावे म्हणून त्यांनी १८३७ साली कस्टर्ड पावडर तयार केली आणि यीस्टवाचून पाव फुगावा म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर. बायकोच्या पथ्यासाठी एवढी खटपट करणारा नवरा म्हणून मला त्यांचे कौतुक वाटते.

आता शास्त्र थोडक्यात सांगते, कारण ते कळले की कृती पाठ करावी लागत नाही. सोड्याला आंबट भेटले की वायू सुटतो. तो वायू ओल्या पिठात अडकतो, ओव्हनच्या उष्णतेने फुगतो, आणि पीठ शिजून घट्ट झाले की त्याची जाळी कायम राहते. यावरून तीन गोष्टी निघतात.

आंबट पुरेसे हवे. जेवणात आपण पितो ते पातळ ताक इथे चालत नाही. त्यात पाणीच जास्त. आंबट दही घुसळून जवळजवळ तसेच घ्यावे. आंबट कमी पडले की सोडा उरतो, आणि उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव लागते. पुष्कळजणी पाव बसला की पुढच्या वेळी सोडा वाढवतात. खरे म्हणजे दही जास्त आंबट घ्यायला हवे असते.

हा उरलेला सोडा ओळखायची खूण आपल्याच डब्यात आहे. पिठात पाव चमचा हळद घाला. हळदीला चुना लागला की लाल होते, त्यातूनच पूर्वी कुंकू करीत, हे तुम्हांला मी सांगायला नको. सोडाही तेच करतो. कापलेल्या पावात लाल ठिपके दिसले तर सोड्याच्या गुठळ्या राहिल्या; सगळाच पाव तांबूस झाला तर सोडा जास्त किंवा दही गोड. नुसता पिवळा असेल तर प्रमाण जमले. हळदीकुंकवाचा असा उपयोग कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेला नाही.

दुसरी गोष्ट घाईची. दही पडले की वायू सुटू लागतो, म्हणून ओव्हन आधी तापलेला आणि डबा तेल लावून तयार हवा. मधेच दारावरची बेल वाजली तर वाजू द्या. तिसरी गोष्ट आपल्या हाताला सर्वांत अवघड : मळायचे नाही. पोळीची कणीक आपण तिंबतो ती चिवट व्हावी म्हणून, आणि इथे नेमका तोच चिवटपणा नको आहे. चमच्याने पंधरा-वीस वेळा हलवले, कोरडे पीठ दिसेनासे झाले, की थांबावे. मिश्रण ओबडधोबड दिसते, ते तसेच दिसायला हवे.

आता प्रमाण लिहून घ्या. कणीक २५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, खाण्याचा सोडा सपाट अर्धा चमचा, मीठ पाऊण चमचा, हळद पाव चमचा, ओवा चुरडून अर्धा चमचा. चमचा म्हणजे चहाचा, पाच मिलिलिटरचा मापाचा. घरातल्या चमच्यांवर माझा विश्वास नाही, एकेका घरात चार आकार असतात. आंबट दही २५० ग्रॅम, पाणी सुमारे ५० मिलिलिटर, तेल दोन मोठे चमचे. चिरलेली, पाणी काढलेली भाजी १५० ग्रॅम, म्हणजे पिठाच्या निम्मी. याहून जास्त भाजी घातली की पाव मधे ओला राहतो.

भाजीचे पाणी हाच या पावाचा खरा शत्रू आहे. दुधी, कोबी, काकडी किसून त्यांना प्रमाणातलेच थोडे मीठ लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. पिळलेले पाणी फेकू नका, दह्यात साध्या पाण्याऐवजी तेच घाला. मेथी, पालक धुऊन फडक्यावर कोरडे करा. गाजर किसून तसेच चालते. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढा. कांदा मात्र कच्चा घालू नये. तेलात मऊ होईपर्यंत परतून, निववून घाला, मग पाव गोडसर लागतो आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. माझा नेहमीचा मेळ म्हणजे एक परतलेला कांदा, एक गाजर आणि मूठभर शेपू.

शेपूचे नाव काढताच मागच्या रांगेतून जो आवाज आला तो मला ऐकू आला! ज्यांच्या घरी शेपूची भाजी ताटात तशीच राहते, त्यांनी ती या पावात एकदा घालावी. दही आणि शेपू यांचे जमते, उग्रपणा मावळतो आणि पाव भाजताना वास जिन्यापर्यंत जातो. नसेलच पटत तर कोथिंबीर, लसणीची पात किंवा मेथी घाला. वयस्करांसाठी हिरवी मिरची टाळून मिरपूड वापरावी.

कृती चार वाक्यांची आहे. ओव्हन १९० अंशांवर तापत ठेवा. कणीक, बेसन, सोडा, मीठ, हळद, ओवा दोनदा चाळा, वरचा कोंडा परत त्यातच टाका, आणि भाजी कोरड्या पिठात घोळवून घ्या. दही, पाणी, तेल एकत्र करून ओता, हलवा. मिश्रण भज्यांच्या पिठाहून घट्ट आणि थालीपिठाहून सैल हवे. डब्यात घालून वर तीळ पेरा, ओल्या सुरीने मधोमध लांब चीर द्या आणि ४० ते ४५ मिनिटे भाजा. विणकामाची बारीक सुई मधे खुपसून कोरडी निघाली, आणि पाव उलटा करून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की झाला.

ओव्हन नसेल तर? जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये तळाला मीठ पसरून त्यावर ताटली ठेवा. कुकरची रिंग व शिट्टी काढून ठेवा, दहा मिनिटे तापवा, मग डबा ठेवून मंद आचेवर तासभर लागेल. वरची बाजू फिकट राहते. तव्यावर उलटून खमंग करावी. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये पाव शिजतो पण भाजला जात नाही, निवल्यावर रबरासारखा होतो. त्यात कन्व्हेक्शनची सोय असेल तरच ठेवा.

कापायची घाई करू नका. गरम पाव कापला की सुरीला लगदा चिकटतो आणि करणारीला वाटते कच्चा राहिला. जाळीवर अर्धा तास निवू द्या. मऊ कवच हवे असेल तर पातळ फडके गुंडाळून ठेवा.

पथ्याचेही स्पष्ट बोलले पाहिजे. सोड्यातही सोडियम असते. चमचाभर सोड्यात चमचाभर मिठाच्या निम्म्याहून थोडे अधिक. रक्तदाब असलेल्यांनी मीठ अर्ध्या चमच्यावर आणावे. कांदा, ओवा आणि दही असल्यावर ते फारसे जाणवत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तिथे डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. मधुमेही मंडळींना हा पाव मैद्याच्या पावाहून बरा. पण कणीक ती कणीकच, दोन काप म्हणजे दोनच काप. आणि ज्यांना गिळताना ठसका लागतो, अर्धांगवायू होऊन गेला आहे, त्यांना कोणताही पाव धोक्याचा. त्यांना आपली मऊ खिचडीच बरी, कितीही कंटाळा येवो.

एका पावाचे दहा काप होतात. दोन माणसांच्या दोन-तीन संध्याकाळी निघतात, सोबत वरण, सार किंवा नुसते दूध. माझी सूचना अशी की ज्या ओव्हन लावतातच, त्यांनी आठवड्यातून एकदा एकाऐवजी दोन डबे ठेवावेत. जिन्नस दुप्पट लागतात, वीज थोडीच जास्त जाते. दुसरा पाव आपल्या जिन्यातल्या एका घरी द्यावा. कोणी कोणत्या वारी कोणाकडे द्यायचा याची वही आपल्या चिटणीसबाईंकडे आजपासून ठेवली आहे. पहिल्या पानावर माझे नाव गुरुवारसमोर आहे, बाकी वार रिकामे आहेत. देताना दया म्हणून देऊ नका. ‘‘नवीन करून पाहिलाय, मीठ कसं झालंय सांगा,’’ म्हणावे. आमच्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितले की ओवा जास्त झाला आहे आणि कडा टणक आहेत. तेव्हापासून त्यांच्या पावाला मी भाजून होताच फडके गुंडाळते.

पाव देताना त्याचे काप करूनच द्या. दुखऱ्या मनगटांना सुरी चालवणे कठीण जाते. बाहेर तो दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो, पावसाळ्यात तेवढाही नाही. पुढे फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना तव्यावर थोडे तूप सोडून गरम करावा. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर दोन-दोन काप वेगळे बांधा आणि डब्यावर तारीख घाला, मोठ्या अक्षरांत.