एक माणूस, चार आडनावे

आडनाव माणसाला जन्माबरोबर मिळते, असे आपण धरून चालतो. माझ्या पणजोबांना, आमच्या घरच्या बोलीत परदादांना, ते कागदागणिक मिळत गेले. जमिनीच्या उताऱ्यावर ते पिंजारी आहेत, खरेदीखतात नदाफ, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर शेख. एका जुन्या पावतीवर तर आडनावच नाही. नुसते नाव, पुढे ‘वल्द’ आणि बापाचे नाव. माझी पुतणी सध्या घराण्याची वंशावळ संगणकावर उतरवते आहे. तिने विचारले, ‘‘चाचा, यातलं खरं कुठलं?’’

मी म्हणालो, ‘‘चारही.’’

गंमत नाही करत. कापूस पिंजणारा तो पिंजारी, हे आपले मराठी नाव. त्याच कामाचा अरबी शब्द नदाफ. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे तो आडनाव म्हणून रुळला. कुणी मन्सुरी लावतात आणि ते नाते बगदादेत ९२२ साली देहदंड झालेल्या सूफी मन्सूर हल्लाजशी सांगतात. आता हल्लाज म्हणजे तरी काय? पिंजारीच! शेख मात्र वेगळे. मूळ अर्थ वडीलधारा, आदरणीय. मुसलमानाचे पोर दिसले की मास्तरांनी लिहावे, असे ते सोयीचे नाव होऊन बसले.

वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये आडनावाचा एक रकाना ठळक असतो, आणि सगळीकडे एकच नाव भरून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. २००१ पासून चालत आलेला ‘ग्रॅम्प्स’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात एका माणसाला एक मुख्य नाव आणि हवी तितकी पर्यायी नावे देता येतात. प्रत्येक नावाला तारीख जोडता येते, ते कुठल्या कागदातून आले हेही नोंदवता येते. मुख्य नाव हे शोधायच्या सोयीचे. ते खरे आणि बाकीची खोटी, असा त्याचा अर्थ नाही. वल्दवाल्या पावतीचे आडनाव कोरेच ठेवावे. कागदात नाही ते आपण घालू नये. आणि ही माहिती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेलीत, तर पर्यायी नावे सोबत आली का, हे एकदा तपासावे.

एवढा खटाटोप कशासाठी? महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारीही आहेत आणि नदाफही. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. नातवाच्या कागदावर शेख आणि पणजोबाच्या कागदावर पिंजारी असेल, तर ही दोन्ही माणसे एकाच घरातली हे दाखवायचे कसे? वंशावळ म्हणजे काही सरकारी पुरावा नव्हे. पण कुठले नाव, कुठल्या साली, कुठल्या कागदावर, हे एका जागी लिहिलेले असले, म्हणजे पुराव्याचा कागद शोधायला कुठे जायचे ते कळते. सगळीकडे शेख लिहून ठेवले, की ती वाट आपणच बुजवली.

दाखला मिळेल, न मिळेल. मी कवी माणूस, मला शब्दाचा आवाज ऐकू येतो. शेख हे नाव मलाही आहे आणि ते मला प्रिय आहे. पण परदादांच्या धनुकलीची तात वाजते ती पिंजारी या शब्दातच. माझ्या पुतणीने ते नाव, तारीख आणि कागदासकट, नोंदवून ठेवले आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)