गाजर गवताची खाज आणि खाजेची गोळी



ढाणकी-उमरखेड भागात पाऊस लागला की बांधावर, पांदणीच्या कडेला गाजर गवत माजतं. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा ठळकपणे नजरेत आलेलं हे परदेशी तण. निंदणीत ते उपटणाऱ्यांच्या पापण्या सुजतात, मान काळवंडते, कोपराच्या आतली कातडी जाड होते. मग मेडिकलमधून खाजेची गोळी येते.

ती गोळी म्हणजे अँटिहिस्टामिन. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलं हिस्टामिन हे द्रव्य असतं. तिथे सेटिरिझिनसारखी गोळी छान लागू पडते. जुनाट पित्तात तर ती रोज घ्यावी लागते, मात्र डोस डॉक्टरांनी ठरवायचा. गाजर गवताचं दुखणं वेगळं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यावर शरीरातल्या पांढऱ्या पेशी भडकतात, तेही एक-दोन दिवसांनी. हिस्टामिनचा वाटा तिथे थोडकाच. म्हणून गोळीनं फार तर झोप लागते, चट्टे जात नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडचा मलम, आणि मुख्य म्हणजे गवतापासून लांब राहणं.

काउंटरवरचा ‘मिक्स’ मलम मात्र नकोच! त्यातल्या स्टेरॉइडनं गजकर्ण असेल तर उलट पसरतो.

गवत फुलावर येण्याआधी उपटा. पूर्ण बाह्या, हातमोजे घालूनच. ज्याला त्रास होतो, त्याला या कामाला लावू नका. अन् क्लोरफेनिरामिनसारखी झोप आणणारी जुनी अँटिहिस्टामिन गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी ट्रॅक्टरवर बसू नका.