मुलांचे लेखन आणि मुलांची कविता
(गडचांदूर येथील शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



प्राथमिक शाळेतील मुलांना स्वतंत्र लेखन आणि काव्य कसे शिकवावे, या विषयावर आज चार विचार आपणांपुढे मांडावयाचे आहेत. विषय वरवर पाहता चैनीचा वाटेल. मुलाला वाचता यावे, हिशेब करता यावा, एवढे साधतानाच जेथे दिवस अपुरा पडतो, तेथे कवितेची काय मातब्बरी, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या मुलाने स्वतःच्या मनातील एक वाक्यही कधी कागदावर उतरविलेले नाही, त्याला अक्षरे येतात, पण अक्षरे ही आपली आहेत असे त्याला वाटत नाही. आणि जी गोष्ट आपली वाटत नाही, ती शाळा सुटताच सुटते.

‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध आपण सर्वांनी तपासला आहे. चाळीस वह्यांत एकच पाऊस पडतो. धरणी हिरवा शालू नेसते, मोर पिसारा फुलवितो आणि बळीराजा आनंदून जातो. यातील काय मुलाने पाहिले, काय फळ्यावरून उतरविले, हे आपणांस ठाऊक असते. आपल्या या परिसरात चुनखडीच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत. रस्त्याकडेच्या झाडांची पाने उन्हाळाभर करड्या धुळीने माखलेली असतात आणि मृगाची पहिली सर ती धुऊन काढते. हे दृश्य येथील मूल दरवर्षी पाहते. परंतु ते लिहिण्याजोगे आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटे ओरबाडतात, चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचावी लागतात, अमलनाल्याच्या धरणाचे पाणी चढते आणि उतरते. हे सारे त्याच्या जवळ आहे. शिक्षकाचे पहिले काम नवे काही देण्याचे नसून, जे आहे त्याला लेखनात प्रवेश देण्याचे आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. राजुऱ्याचा हा सारा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. आजही कोरपना, जिवती, राजुरा या तालुक्यांतील घराघरांत मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू नांदतात. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातील भाषा होत. गोंडीत पुल्लिंग आणि इतर सारे, असे दोनच लिंगभेद आहेत, मराठीत तीन. म्हणून गोंड मूल मराठी लिहिताना ‘ती झाड’ असे लिहिते, तेव्हा ते अडाणीपणाने चुकत नाही, तर आपल्या मातृभाषेचे व्याकरण इमानाने पाळीत असते. हे ज्या शिक्षकाला माहीत आहे, त्याची लाल शाई आपोआप आवरते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे घटनेचे ३५० अ हे कलम सांगते. ते कलमही १९५६ सालचेच. कायद्याचे पालन शासनाने करावयाचे, हे खरे. परंतु वहीच्या पानावर ‘येर’ हा पाण्याचा गोंडी शब्द राहू द्यावयाचा की खोडावयाचा, हा निर्णय वर्गातील शिक्षकाचाच असतो.

बोलीत का कुठे कविता होते, अशी शंका कोणाला असेल, तर त्याने बहिणाबाई चौधरींचे स्मरण करावे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. खानदेशच्या बोलीत, घरातील आणि शेतातील कामे करता करता त्यांनी रचना केली; घरच्या मंडळींनी ती टिपून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कविता आधी कानात आणि तोंडात जन्मते, लेखणीत मागाहून येते, याचा याहून मोठा दाखला कोणता? आपल्या मुलांच्या कानांवर भुलाबाईची गाणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत, दिवाळीतील दंडारीची गाणी आहेत. शाळेने प्रथम ती मागवून घ्यावीत. गावातील एखाद्या आजीबाईला वर्गात बोलवावे, मुलांनी ऐकावे आणि जमेल तेवढे टिपावे. आपल्या आजीचे गाणे गुरुजींनी मान डोलवून ऐकले, हे पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी अधिक मोकळेपणाने बोलते.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळतो. प्रथम पाहणे, मग बोलणे, मग लिहिणे, हा क्रम मोडू नये. मुलांना शाळेच्या आवारात एका झाडाखाली पाच मिनिटे गप्प बसवावे. काय ऐकले, काय दिसले, कशाचा वास आला, ते प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगावे. शिक्षकाने ती वाक्ये मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहावीत. ‘छान’, ‘सुंदर’ हे शब्द त्या दिवसापुरते वर्ज्य करावेत. सागाचे पान छान आहे, असे म्हणणारे मूल पानाकडे पाहत नाही. ते चोळले की बोटे तांबडी होतात, असे म्हणणाऱ्याने ते हाती धरलेले असते. यानंतर कोडी रचावयास द्यावीत. वस्तूचे नाव न घेता तिची ओळख पटवून देणे, हीच प्रतिमेची पहिली शाळा होय.

कविता म्हणजे यमक, अशी मुलांची समजूत असते आणि यमकासाठी ती अर्थाचा बळी देतात. यावर उपाय म्हणून अभंगाचा छंद फार उपयोगी आहे. त्याच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे येतात. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळले की पुरे. मात्रा-गणांची कटकट नाही. तिसरीचे मूलही बोटांवर अक्षरे मोजू शकते. धुळीने माखलेल्या पानांचा विषय घेऊन वर्गाने मिळून अशी रचना करता येईल:

पहिला पाऊस, पाने सारी न्हाली,
धूळ खाली आली, मातीवर.

यात अलंकार नाहीत. पण पाहिलेले आहे, मोजलेले आहे आणि ते याच गावचे आहे. मोजण्यामुळे मूल शब्द बदलून पाहते, एक काढते, दुसरा घालते. लेखन म्हणजे पुन्हा लिहिणे, हा धडा त्याला खेळता खेळता मिळतो.

तपासणीविषयी थोडे सांगतो. स्वतंत्र लेखनाला गुण देऊ नयेत. पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हात लावू नये. मुलाने काय सांगितले, त्याला आधी उत्तर द्यावे. ‘मग बैल घरी आला का?’ एवढा एक प्रश्न वहीत लिहिला, तर ते मूल आणखी चार ओळी लिहील. ऱ्हस्व-दीर्घाचा अभ्यास अवश्य घ्यावा, परंतु निराळ्या तासाला. तसेच मुलाने घरातील दुःख लिहिले, तर ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. त्याने विश्वासाने दिलेले ते आपल्यापाशीच राहावे.

लिहिलेल्याला वाचक हवा. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. त्यास छापखाना लागला नाही. आपल्या द्विशिक्षकी शाळेतही भिंतीवर एक पुठ्ठा टांगून आठवड्याचे हस्तलिखित लावता येईल. पहिलीच्या मुलाने सांगावे, चौथीच्या मुलाने लिहून घ्यावे. गोंडी वा कोलामी मजकूर देवनागरीत लिहून शेजारी मराठी अर्थ द्यावा. पालक शाळेत आले की ते प्रथम त्या भिंतीपाशी थांबतील. वाचनासाठी ‘किशोर’ मासिक आहे, विंदा करंदीकरांच्या बालकविता आहेत. त्या पाठ करून घेण्याआधी मोठ्याने, आनंदाने वाचून दाखवाव्यात.

बंधुभगिनींनो, यातून कवी किती निपजतील, याचा हिशेब आपण करू नये. आपली मुले उद्या शेतात, खाणीत, कारखान्यात, कचेरीत जातील. तेथे एखाद्या कागदावर अंगठा वा सही मागितली जाईल, एखादी तक्रार लिहावी लागेल, ग्रामसभेत उभे राहून बोलावे लागेल. ज्याने लहानपणी आपले पाहिलेले आपल्या शब्दांत मांडले आणि ज्याचे कोणी ऐकून घेतले, तो तेव्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसणार नाही. येत्या शनिवारी प्रत्येक शाळेने एक तास एवढ्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे.